साक्षीच्या चालीत न बसणारं

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष देण्याची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची, एक ठरलेली चाल आहे. आधी अंधार, मग कळकळीची प्रार्थना, मग एका रात्रीत चमत्कार आणि शेवटी सगळ्यांचं ‘हालेलुया’. पाळकसाहेब अधूनमधून म्हणतात, “ताई, एकदा तुम्हीही उभ्या राहा की.” मी टाळते. माझं सांगणं त्या चालीवर म्हणताच येत नाही. त्यात प्रार्थना आहे तशा गोळ्या आहेत, पवित्र शास्त्र आहे तशी कधी चर्चची पायरीही न चढलेली एक समुपदेशक आहे, आणि एका रात्रीत काहीही घडलेलं नाही. लिहायला मात्र हरकत नाही. लिहिताना मध्येच कुणी ‘आमेन’ म्हणत नाही.

माझं माहेर श्रीरामपूरकडचं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. दिवेलागणीला घरात उपासना व्हायची, पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं व्हायची आणि मगच जेवण. लग्नानंतर चिंचवडला आले, एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. म्हणजे विश्वास लहानपणापासून अंगवळणी पडलेला, आणि काळजी करण्याचा स्वभावही तितकाच जुना. ‘फार काळजी करते बिचारी’ हे आमच्यात बाईचं कौतुकच असतं.

त्या स्वभावाचा आजार झाला तो दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून. पहाटे भावाचा फोन आला. दादा त्यातून उठले, काठी धरून अंगणात फिरायलाही लागले. मी मात्र त्या फोनपाशीच राहिले. फोन वाजला की पोटात खड्डा पडायचा, आणि नाही वाजला तर का वाजला नाही म्हणून जीव खालीवर. मुलगा क्लासहून थोडा उशिरा आला की तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात अपघात, हॉस्पिटल, पोलीस पंचनामा सगळं उरकलेलं असायचं. यांची नाइट शिफ्ट असली की चाकणच्या रस्त्यावरचा एकेक ट्रक माझ्या उशाशी हॉर्न वाजवायचा. पहाटे तीन-साडेतीनला डोळा उघडायचा तो उघडाच.

पहिला मोठा झटका चर्चमध्येच आला, तोही प्रभुभोजनाच्या वेळी. भाकरीची थाळी पुढे गेली आणि पेल्यांचा ट्रे आमच्या बाकावर आला. आमच्याकडे द्राक्षरस इवल्या इवल्या काचेच्या पेल्यांतून देतात, ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक पेला. मी ट्रे हातात घेतला आणि ते पेले किणकिणायला लागले. आधी वाटलं, देणाऱ्याचा हात हलतोय. मग बघितलं तर ट्रे एकटीच्या माझ्याच हातात होता. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, ओठ बधिर, घशात आवंढा अडकलेला, आणि डोक्यात पक्की खात्री की आपण आत्ता, इथं, सगळ्या मंडळीसमोर मरतोय. पदरावर द्राक्षरसाचा डाग पडला त्याचीही लाज वाटली, मरणाच्या खात्रीत असताना! शेजारच्या काकूंनी ट्रे काढून घेतला. पाव तासात सगळं ओसरलं, तरी यांनी मला रिक्षात घालून थेट दवाखाना गाठला.

ई.सी.जी. नॉर्मल. पुढच्या आठवड्यात टूडी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर, सगळं नॉर्मल. फिजिशियननी नीट समजावून सांगितलं. हा पॅनिक अटॅक. घाबरल्यावर श्वास भरभर होतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरतो, आणखी भरभर श्वास घेतो. “भीती खरी आहे, फक्त ती हृदयाच्या आजाराची नाही,” असं म्हणून त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली आणि बरेच दिवस तिथंच राहिली, कारण तोवर माझा आजार मंडळीनं हातात घेतला होता.

कुणाचाही हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगते. माझ्यासाठी डबे आले, प्रार्थनेला बायका घरी आल्या. पण त्याबरोबर सल्लेही आले. विश्वास कमी पडतोय. घरात कबूल न केलेलं पाप आहे का, तपासून बघ. उपास-प्रार्थना धर. बाहेरगावच्या एका धर्मसेवकांनी सभेत डोक्यावर हात ठेवून माझ्यातल्या भीतीच्या आत्म्याला हुसकावलं. हात ठेवताच बाकीच्या बायका जमिनीवर पडल्या, मी पडले नाही, तेव्हा त्यांनी जरा जोर लावला असं मला आजही वाटतं. आणि रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर कुणीतरी उगवत्या सूर्याच्या चित्रावर बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वचन पाठवायचं: उद्याची चिंता करू नका. आता गंमत बघा, चिंता करू नका ही जर प्रभूची आज्ञा असेल, तर मी ती उठल्यापासून झोपेपर्यंत मोडत होते. म्हणजे दादांची काळजी, मुलाची काळजी, यांची काळजी, आणि वर आपण काळजी करतो म्हणून देव रागावला असेल ही काळजी.

या सगळ्यात आत्या आमच्याकडे राहायला आली. आत्या मिरजेला नर्सिंग शिकलेली, सगळी हयात सरकारी दवाखान्यांत काढलेली, जिभेला हाड नसलेली बाई. तिला मधुमेह. जेवायला बसली की डोळे मिटून देवाचे आभार मानायची, डोळे उघडून पोटाला इन्सुलिन टोचायची आणि मग भाकरी मोडायची. दोन्हींत कधी अंतर नाही. माझी हकिकत ऐकून ती म्हणाली, “माझ्या स्वादुपिंडासाठी देव चालतो आणि इन्सुलिनही चालतं. तुझ्या डोक्यालाच नुसता देव कसा पुरायला हवा गं? ती चिठ्ठी काढ.”

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी तोंडाला ओढणी बांधून गेले, पुण्यात ते खपूनही जातं. त्यांनी एस्सिटालोप्राम हे चिंतेवरचं औषध लहान मात्रेत सुरू केलं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढू शकते आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, हे त्यांनी आम्हां दोघांनाही बसवून सांगितलं. बेचैनी खरंच वाढली. मग हळूहळू पहाटेची जाग चारवर गेली, पाचवर गेली. गोळ्यांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही; त्यांनी आपलं काम गुपचूप केलं.

खरी उलथापालथ समुपदेशकापाशी झाली. त्या माझ्याच वयाच्या, टेबलावर गणपतीची छोटी मूर्ती. मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं की मी दिवसभर सतत प्रार्थनेत असते. त्यांनी विचारलं, “प्रार्थना झाल्यावर कसं वाटतं?” मी म्हटलं, बरं वाटतं. “किती वेळ?” मला उत्तर द्यायला जड गेलं. मुलगा दाराबाहेर पडला की ‘प्रभू, त्याला सांभाळ’. लिफ्टचा आवाज बंद झाला की पुन्हा. तो कोपऱ्यावर पोचला असेल तेव्हा पुन्हा, आणि या वेळी शब्द नीट आले नाहीत असं वाटलं तर पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, “मला तुमच्या धर्मातलं कळत नाही. पण हे आम्ही इतर पेशंटमध्येही बघतो. कुणी दर तासाला फोन करून खात्री करतं, कुणी नाडी मोजत बसतं. खात्री मिळते, दोन मिनिटं टिकते, मग आणखी हवी होते. खात्री मागण्यानंच भीती पोसली जाते.”

मला राग आला. माझ्या प्रार्थनेची नाडी मोजण्याशी तुलना! रिक्षात बसल्या बसल्या मी आत्याला फोन लावला, ती तरी माझी बाजू घेईल म्हणून. आत्या थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “बाई बरोबर बोलतेय. तू ‘आमेन’ म्हणतेस, पण सोडत कुठं काय?”

अकाउंट्समधल्या माणसाला हे समजायला खरं तर सोपं. मी एकच व्हाउचर दिवसभर पुन्हा पुन्हा पोस्ट करत होते, आणि ताळा का जुळत नाही म्हणून रडत होते.

त्यानंतर मी शास्त्र वेगळ्या नजरेनं वाचायला बसले. मत्तयाचा सहावा अध्याय आधी घेतला, कारण त्याचीच जास्त भीती होती. ‘उद्याची चिंता करू नका’ हे अध्यायाच्या अगदी शेवटच्या, चौतिसाव्या वचनात आहे, आणि त्याच अध्यायात वर, अकराव्या वचनात, आपण लहानपणापासून घोकलेली प्रभूची प्रार्थना आहे: आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. आज. पुढच्या महिन्याची मागायला प्रभूनं शिकवलेलंच नाही. ऐकणारे लोकही हातावर पोट असलेले, वर रोमी सत्तेचे कर. त्यांना चिंता करायला कारणं नव्हती असं नाही. मग निर्गममधला मान्ना आठवला, रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना देवानं रोज दिलेलं अन्न. एका दिवसापुरता गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडायचे. मी दादांच्या पुढच्या दहा वर्षांचा मान्ना आजच गोळा करून ठेवत होते.

फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय तर पाठच होता. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा. पण हे पत्र लिहिताना प्रेषित पौल तुरुंगात होता, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. पुढच्या वचनात मागितलेलं मिळेल असं म्हटलेलंच नाही. देवाची शांती तुमची मनं राखील, एवढंच आश्वासन आहे. मी इतकी वर्षं त्या वचनात मागणी मंजूर होण्याची हमी वाचत आले होते.

या वचनावरून एक वही सुरू झाली. कल्पना अर्धी समुपदेशकांची होती. काळजीसाठी दिवसातली एक वेळ नेमून द्यायची आणि एरवी आलेल्या काळजीला त्या वेळी ये म्हणायचं, अशी त्यांची पद्धत आहे. अर्धी पौलाची. माझी वेळ संध्याकाळची, कामावरून आल्यावर, चहा झाला की. शंभरपानी रेघांची वही. त्यात काळजी लिहायची, पण नेमकी. ‘दादांचं काय होणार’ असं चालत नाही, ‘दादांनी बी.पी.ची गोळी चुकवली आहे’ असं लिहायचं. त्यातलं माझ्या हातातलं काय, ते समोर: भावाला सांगून आठवड्याची डबी भरायची. उरलेलं देवाला एकदाच मागायचं. एकदाच, हीच त्यातली मेख आहे. मग आभार, तेही नेमके. ‘सर्व कृपांबद्दल आभार’ म्हणून सुटका नाही. दादा आज फोनवर ‘कुत्र्यानं चप्पल पळवली’ म्हणून हसत होते, हे लिहायचं. वही मिटायची आणि कुकर लावायचा.

रात्री तीनला काळजी यायचीच. तेव्हा मनातल्या मनात म्हणायचं, ‘ते वहीत आहे, प्रभूला सांगून झालंय.’ सुरुवातीला हे फार कठीण गेलं. पुन्हा मागितलं नाही आणि रात्रीत काही झालं तर? आपण प्रार्थना केली नाही म्हणून झालं असं होईल ना! असं पडून राहणं मला कुठल्याही उपासापेक्षा जड गेलं. पण विश्वास म्हणजे काय ते मला तिथं, त्या अंथरुणात कळायला लागलं. संडेस्कूलच्या बक्षिसांशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

झटका यायला लागला तर वेगळा उपाय होता. समुपदेशकांनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं होतं. मी त्याला बायबलमधलं तेविसावं स्तोत्र जोडलं. श्वास घेताना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना, लांबवत, ‘मला काही उणे पडणार नाही’. नंतर वाचनात आलं की पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांतले साधू शेकडो वर्षं येशूच्या नावाची छोटी प्रार्थना अशीच श्वासाबरोबर म्हणत आले आहेत, तेव्हा आपण काही भलतंसलतं करत नाही याचं बरं वाटलं. मात्र ‘प्रभू, हा झटका घालव’ असं म्हणायचं मी सोडलं. झटका दहा-पंधरा मिनिटांत आपणच उतरतो. त्याला घालवायला गेलं की तो मुक्काम वाढवतो.

आत्यानं मला एलीयाही वाचायला लावला, नर्सच्या नजरेनं. पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. ईजबेल राणीच्या धमकीनं पळालेला एवढा मोठा संदेष्टा रानात झाडाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ म्हणतो. “बघ, देवदूत काय करतो,” आत्या म्हणाली. “झोपू देतो. उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. परत झोपू देतो. परत खायला घालतो. बोलणं नंतर. आपल्याकडं आधी उपदेश आणि वरून उपास!” स्तोत्रंही तशीच. सबंध पुस्तकात तक्रारी, रडगाणी, ‘किती वेळ, हे परमेश्वरा’. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटाला उजेडाची एक ओळसुद्धा नाही. आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. आमच्या सभांमध्ये हे उतारे क्वचितच वाचले जातात. वाचले असते तर माझी निदान लाज तरी लवकर गेली असती.

मधल्या काळात एका शनिवारी आत्याबरोबर केडगावला गेले, दौंडच्या लोकलनं. तिथलं पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं मुक्ती मिशन मी लहानपणी सहलीत पाहिलं होतं, पण तेव्हा लक्ष डब्याकडे. आता रमाबाईंची हकिकत मनात लावून बघितली. आईवडील दुष्काळाच्या हालांत गेले, भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये, कडेवर तान्ही मनोरमा. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो बायकामुलींच्या खाण्यापिण्याचा भार. जिच्यावर एवढं काही होतं त्या बाईनं मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळ्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं, मुक्तीतल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, छापलं. ते चाललेलं असतानाच १९२१ मध्ये मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. विश्वासानं संकटं टळतात हे ज्यांना सिद्ध करायचंय त्यांनी रमाबाईंचं उदाहरण देऊ नये. मला ते उपयोगी पडलं ते नेमकं त्यामुळंच. त्यांच्यावर काय काय आलं हे तर दिसतच होतं. त्यातही त्या रोज त्या त्या दिवसाचं काम करत राहिल्या, हे मी घरी घेऊन आले.

आणि मग जो फोन येईल म्हणून मी एवढी जागले, तो खरंच आला. दुसरा झटका. दादा आय.सी.यू.त काही दिवस होते आणि गेले. मी तयारी केली होती त्यातलं काहीच त्या दिवसांत कामाला आलं नाही. रात्र रात्र जागून बघितलेल्या त्या सगळ्या प्रसंगांत आय.सी.यू.बाहेरच्या थंड बाकावर भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून मी चक्क झोपले, असा प्रसंग नव्हता. दादांच्या शेवटच्या शुद्धीत आत्यानं हलक्या आवाजात टिळकांचं भजन धरलं, तेव्हा त्यांचे ओठ हलले, हाही नव्हता. रडले भरपूर. अजूनही रडते, विशेषतः कुत्र्यानं काही पळवलं की. पण ते दुःख होतं, आणि दुःख आणि तो आजार यांतला फरक मला शरीरातच कळला. दुःखात हातांना मुंग्या येत नाहीत.

दफनविधीनंतर मी डॉक्टरांना विचारलं, आता गोळी वाढवायला लागेल का? ते म्हणाले, बघू, घाई नको. वाढवावी लागली नाही. बऱ्याच महिन्यांनी त्यांनीच मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवत बंद केली. समुपदेशकांकडे आता लागेल तशी जाते. मागच्या उन्हाळ्यात मुलाचं ॲडमिशनचं चालू होतं तेव्हा पहाटेची जाग परत आली होती; वही परत काढली, श्वासाचं परत सुरू केलं, आणि यावेळी चिठ्ठी पर्समध्ये न ठेवता डॉक्टरांची वेळही घेतली. झटका म्हणावा असा आला नाही. येणारच नाही असंही मी कुणाला सांगत नाही.

आमच्या महिला मंडळात हे कळल्यापासून बायका उपासनेनंतर मला बाजूला घेतात. मी आधी विचारते, झोप कशी आहे, थायरॉईड तपासलंय का, जीव नकोसा होतो का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर प्रार्थनाही नंतर, आधी घरच्यांपैकी कुणाला तरी सांगून डॉक्टर. पैशांची किंवा लोक काय म्हणतील याची अडचण असली तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा सांगते, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. मग हात धरून प्रार्थना करतो. एकदाच.

पाळकसाहेबांशी या विषयावर माझं बरंच बोलणं झालं, थोडं भांडणही. ते पाय मागे घेणारे नाहीत, पण ऐकतात. पूर्वी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत गुडघ्यापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं नाव घेऊन व्हायचं, आणि आमच्यासारख्यांची बोळवण ‘काही भगिनी अस्वस्थ आहेत’ या वाक्यात. आता प्रार्थनेसाठी दिलेल्या चिठ्ठीवर जसं लिहिलं असेल तसं ते वाचतात. परवा मागच्या बाकावर बसणाऱ्या एका आजीबाईंनी पहिल्यांदाच चिठ्ठी दिली. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा करून ती माइकवर मोठ्यानं वाचली: मनात सारखी भीती वाटते, गोळ्या चालू केल्या आहेत, झोप लागू दे. आणि लगेच पुढची चिठ्ठी घेतली, कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाची.